हंडा चालतो, मग फिरणं का नको?

न्यूझीलंडच्या खासदार ज्युली ॲन जेंटर २०१८ मध्ये, मंत्री असताना, बाळंतपणासाठी चक्क सायकल चालवत दवाखान्यात गेल्या. २०२१ मध्ये दुसऱ्या खेपेलाही तशाच! आपल्याकडे मात्र दिवस गेलेली सून संध्याकाळी फिरायला निघाली की लगेच ‘लोक काय म्हणतील?’ भरलेला हंडा चालतो, मोकळं फिरणं नाही, हा कुठला न्याय?

जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगते आहे, गुंतागुंत नसेल तर गर्भवतीनं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. म्हणजे रोज वीस-पंचवीस मिनिटं, गप्पा मारता येतील अशा वेगानं चालणं. सायकलचं म्हणाल, तर पोट वाढलं की तोल बदलतो आणि आपल्या खड्ड्यांत पडण्याची भीती खरीच. तेव्हा चालणं बरं, किंवा सोय असेल तर जागेवरची सायकल. अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, चक्कर आली, पोटात कळा आल्या, तर तिथंच थांबून दवाखाना गाठावा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी असते. मैत्रिणींनो, त्या दिवशी सासूबाईंनाही सोबत न्या. ‘किती चालू?’ आणि ‘किती वजन उचलू?’ हे दोन्ही प्रश्न डॉक्टरांना त्यांच्यासमोरच विचारा.