अपरात्रीचा वीजतंत्री आणि त्याची मजुरी

मागील अंकी पावसाळ्याच्या साठवणीविषयी लिहिले, तेव्हा या महिन्यात लोणच्यांच्या बरण्यांकडे वळावे असा माझा बेत होता. परंतु आषाढातील एका रात्रीने तो पार उधळून लावला. आणि त्या रात्रीबद्दल आम्हांस जी रोख किंमत मोजावी लागली, तिचा हिशेब वाचक भगिनींपुढे मांडल्यावाचून मला राहवेना. घरखर्चाच्या वहीत दूध, किराणा, औषधे यांस आपण रकाने आखतो. पण अवेळी बोलवाव्या लागणाऱ्या वीजतंत्र्याचा रकाना मी तरी कोणाच्या वहीत पाहिलेला नाही. माझ्याही वहीत तो नव्हता.

आमचे सासरचे घर पनवेल तालुक्यातील शिरढोणचे. पळस्प्याचा फाटा सोडून गोव्याच्या रस्त्यास लागले म्हणजे कर्नाळ्याचा सुळका ढगांतून दिसू-लपू लागतो; त्याच्या अलीकडे हे गाव. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म 1845 साली येथे झाला, त्यामुळे आमच्याकडे येणारा पाहुणा आधी त्यांचा वाडा पाहून येतो आणि मगच चहास बसतो. पाऊस येथे मनसोक्त कोसळतो, आणि जुन्या घरांच्या भिंती चार महिने ओल धरून असतात. ही ओल पुढील हकिकतीतील मुख्य पात्र आहे.

मामंजींचे वय चौऱ्याऐंशी. फुप्फुसांच्या विकारामुळे रात्री त्यांस हवेतून प्राणवायू वेगळा करून देणारे यंत्र लावावे लागते. त्या रात्री पावणेबाराच्या सुमारास घरातील सर्व दिवे एकाएकी गेले आणि यंत्राने आपली कर्कश शिटी सुरू केली. इन्व्हर्टर होता, परंतु त्यावर दोन दिवे आणि एक पंखा एवढीच जोडणी. यंत्र त्यावर चालवून पाहण्याचे दोन वर्षांत कोणास सुचले नव्हते! जवळ लहान सिलिंडर होता, तो भावजींनी कसाबसा जोडला. दोन-अडीच तासांची निश्चिंती झाली. नेहमीच्या वीजतंत्र्याचा फोन लागेना, तेव्हा शोधून सापडला त्या पहिल्या क्रमांकावर फोन केला. ‘किती घेणार’ हे विचारण्याचे भान कोणासच नव्हते. आणि तसे विचारणे त्या घटकेस लाजिरवाणेही वाटले असते. श्वासाची आणि पैशाची तुलना कशी करावी?

सव्वाच्या सुमारास दोघे जण भिजत मोटारसायकलवरून आले. वीस मिनिटांत दिवे लागले. मग कागद पुढे आला: भेटीचे 500, रात्रीच्या वेळेचे 1,000, मजुरी 1,200, नवीन एमसीबीचे 650 आणि ‘इतर साहित्य’ 500, एकूण 3,850 रुपये. एवढ्यावर न थांबता, घराची सगळी तारजोडणी सडली आहे, ती बदलण्यास साठ हजार पडतील, आत्ता काही रक्कम द्या, नाहीतर आगीची जबाबदारी आमची नाही, असेही त्यांतील वडील इसमाने ऐकवले. मामंजींनी नाकावरची नळी बाजूस केली आणि जन्मभर शाळेत मुलांस विचारीत आले तशा शांत स्वरात विचारले, “बिघाड कोठे होता, तेवढे सांगा.” त्यास सरळ उत्तर मिळाले नाही. आम्ही 3,850 दिले आणि साठ हजारांचा विषय सकाळवर ढकलला. त्या एका प्रश्नाने आमचे किती रुपये वाचले, ते दोन दिवसांनी कळले.

आमचा नेहमीचा वीजतंत्री दोन दिवसांनी दिवसाउजेडी आला. फाटकावरच्या दिव्याच्या पेटीत पावसाचे पाणी शिरले होते. त्यातून वीज जमिनीत झिरपू लागली आणि झिरपणारी वीज ओळखून पुरवठा तोडणाऱ्या आरसीसीबीने आपले काम चोख बजावले. रात्रीच्या मंडळींनी फाटकाची तार सोडवून ठेवली होती, ते योग्यच केले. मात्र जो एमसीबी ‘जळाला’ म्हणून बदलला, तो भावजींनी अंगणातून उचलून ठेवला होता. तो तपासता अगदी धडधाकट निघाला. तशाच एमसीबीची किंमत पनवेलच्या दुकानात 210 रुपये. ‘इतर साहित्य’ म्हणजे काय, हे आजतागायत उमगलेले नाही. तारजोडणी सडलेली नव्हती. नवी जलाभेद्य पेटी बसविण्याची त्याची मजुरी 400 रुपये झाली.

आता न्यायाने पाहू. मध्यरात्री, मुसळधार पावसात, पनवेलकडून दोघांनी यावयाचे, ओल्या भिंतीशी विजेचे काम करावयाचे, त्याबद्दल 2,700 रुपये मजुरी मला जड वाटत नाही. आपण त्या बिलात केवळ वीस मिनिटांची मजुरी मोजीत नसतो. कोणीतरी त्या वेळी जागे असण्याची, येण्याजाण्याची, सोबत्याची आणि जोखमीची ती किंमत असते. आमच्या वर्गातील मंडळी डॉक्टरांपुढे निमूट पैसे ठेवतात आणि कारागिराशी मात्र घासाघीस करतात, ही खोड मला मुळीच रुचत नाही. दुःख आहे ते उरलेल्या 1,150 रुपयांचे. ते श्रमाचे नव्हते, आमच्या घाबरटपणाचे होते.

ही हकिकत शेजारीपाजारी सांगितली तेव्हा असे दिसले की बहुतेक घरांत पहिली चूक वीजतंत्री येण्याच्याही आधी होते. अंधार झाला की बिघाड कोणाच्या हद्दीत आहे हे कोणी पाहतच नाही. खांबापासून मीटरपर्यंतची तार आणि मीटर हे महावितरणचे. मीटरच्या पुढची सगळी जोडणी आपली. म्हणून हातात विजेरी घेऊन प्रथम शेजाऱ्यांचे दिवे पाहावे, मग मीटर पाहावा. मीटरवरचे आकडे दिसत नसतील तर वीज आपल्यापर्यंत आलेलीच नाही; अशा वेळी खासगी माणूस बोलावून त्याची भेटीची रक्कम भरणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी. महावितरणच्या 1912 या क्रमांकावर तक्रार द्यावी आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. अशा दुरुस्तीची मजुरी ग्राहकाने द्यावयाची नसते. पुरवठा किती वेळात पूर्ववत व्हावा याच्या मुदती राज्याच्या वीज नियामक आयोगाने घालून दिल्या आहेत, आणि मुदत टळल्यास भरपाईचीही तरतूद आहे. अर्थात ती मागण्यास तो लिहून घेतलेला क्रमांकच लागतो. खासगी माणसास खांबावर चढवू नये, मग तो कितीही तयार असो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात असंख्य खांब उन्मळून पडले, त्या दिवसांत तर घरच्या वीजतंत्र्याचा काही इलाजच नव्हता. पडलेल्या तारेपासून दूर राहणे आणि वाट पाहणे, एवढेच हाती होते.

मीटर जागा आहे आणि घर अंधारात आहे, तर बिघाड आपला. तेव्हा विजेच्या पेटीत आरसीसीबीचा खटका पडला आहे काय ते पाहावे. पडला असल्यास खालचे सगळे एमसीबी बंद करावे, आरसीसीबी वर करावा, आणि मग एकेक एमसीबी सावकाश चालू करीत जावे. ज्याला हात लावताच खटका पुन्हा पडेल, बिघाड त्याच्या वाटेवर. तो एक बंद ठेवून बाकीचे घर उजळता येते आणि वीजतंत्र्यास सकाळी, दिवसाच्या दरात बोलावता येते. आमच्या घरी हे कोणास ठाऊक असते, तर त्या रात्रीचे 3,850 रुपये वाचून चारशेत काम भागले असते! सर्व एमसीबी बंद असूनही खटका टिकत नसेल, तर उपकरणांच्या पिना काढून पुन्हा पाहावे; कारण साधा एकपदरी एमसीबी केवळ फेजची तार तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते. तरीही न टिकल्यास मात्र पुढे जाऊ नये. ते काम जाणत्याचे.

हे सारे कोरड्या हातांनी, कोरड्या जमिनीवर उभे राहून करावयाचे. जळका वास येत असेल, पेटीत पाणी शिरले असेल, ठिणग्या दिसल्या असतील किंवा नळास हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर परीक्षा पाहत बसू नये. मुख्य खटका बंद करावा, आणि मग रात्र असो वा पाऊस, जो मिळेल त्यास जे मागेल ते देऊन बोलवावे. येथे काटकसर करणाऱ्या गृहिणीस मी काटकसरी म्हणणार नाही.

बोलावणे भागच असेल तेव्हा फोनवरच दोन-तीन गोष्टी विचाराव्या, आणि त्यात संकोच नसावा. भेटीचे किती, त्यात पहिल्या अर्ध्या तासाचे काम धरले आहे की नाही, रात्रीचे वेगळे किती. सामान लागल्यास वेष्टनावरील छापील किमतीनेच मिळेल, आणि काढलेला जुना भाग आमच्याकडे राहील, हे आपणच सांगावे. छापील किमतीहून अधिक घेणे कायद्यास मान्य नाही. आणि जुना भाग मागितला जाणार हे ठाऊक असले की चांगला भाग सहसा ‘जळत’ नाही. जीएसटी आकारला असेल तर पावतीवर नोंदणी क्रमांक हवा. नोंदणी नसलेल्या माणसास तो कर घेता येत नाही. बिलाविषयी तंटाच झाला तर ग्राहकांसाठी 1915 हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक आहे. (मामंजींस हा आकडा एकदाच सांगावा लागला. त्याच साली खोपोलीस टाटांचे जलविद्युतगृह सुरू झाले, आणि आपल्या घाटावर पडलेल्या पावसाची वीज मुंबईच्या गिरण्या चालवू लागली, हे त्यांच्या पाठच्या इतिहासातले. हाकेच्या अंतरावर वीज जन्मास येत असता कोकणातील खेडी पुढे कितीतरी वर्षे कंदिलावर राहिली, हे ते आवर्जून जोडतात.)

मोठ्या कामाचा प्रस्ताव रात्री कधीच स्वीकारू नये. ‘सगळी जोडणी बदला’ हे वाक्य दिवसाउजेडी, सरकारी परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडून, लेखी अंदाजपत्रकासह ऐकावे. दुसऱ्या एकाचे मत घ्यावे. उलट प्रकारचा कारागीरही भेटतो, जो फारच स्वस्तात सोडवतो: सोळा अँपिअरचा एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्या जागी बत्तीसचा बसवून देतो. आमच्या लहानपणी वितळतारेच्या जागी जाड तार गुंडाळीत, त्याचीच ही नवी आवृत्ती. खटका पडेनासा होतो, पण मग भिंतीतली तार तापते. दोन हजार वॅटचा गीझर सुमारे नऊ अँपिअर वीज ओढतो. त्याच वाटेवर इस्त्री आणि किटली लावली तर सोळाचा एमसीबी पडणारच. तो पडतो म्हणून त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही.

आमच्या घरी आता व्यवस्था बदलली आहे. आळीतील पाच घरांनी मिळून ठरविले की दरवर्षी वैशाखात एकाच दिवशी एकाच वीजतंत्र्यास बोलवावे. येण्याजाण्याचा खर्च पाच ठिकाणी वाटला जातो आणि माणूस ओळखीचा होतो. त्याने पेटीतील ढिले जोड आवळावे, अर्थिंग मोजावे, बाहेरच्या दिव्यांच्या पेट्या उघडून पाहाव्या. आरसीसीबीवर तपासणीचे एक लहान बटण असते. ते दाबताच खटका पडला पाहिजे. हे काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतले असून दर संकष्टीस त्या ते दाबतात, मात्र मामंजींचे यंत्र बंद असताना. प्राणवायूच्या यंत्रास साडेतीनशे वॅट लागतात असे धरले, तर दीडशे अँपिअर-तासांची बारा व्होल्टची बॅटरी ते सुमारे तीन तास चालवील. त्याप्रमाणे इन्व्हर्टरची जोडणी करून घेतली आणि एका रविवारी मुद्दाम मुख्य खटका बंद करून पाहिले. घरखर्चातून दरमहा दोनशे रुपये वेगळ्या डब्यात पडतात. अपरात्री कोणास बोलवावे लागलेच, तर दराची विचारपूस करण्याइतके मन त्या डब्यामुळे स्थिर राहते.

पेटीतील प्रत्येक एमसीबीखाली मामंजींनी आपल्या वळणदार अक्षरात चिठ्ठ्या चिकटविल्या आहेत: ‘स्वयंपाकघर’, ‘माजघर’, ‘पंप’, ‘फाटक’. श्रावणात पुन्हा एकदा रात्री अंधार झाला. या वेळी विहिरीच्या पंपाच्या जोडात पाणी गेले होते. यंत्र इन्व्हर्टरवर चालूच राहिले. सासूबाईंनी कोणास न उठवता विजेरी घेतली, पायांत रबरी चपला घातल्या, एकेक खटका वर करीत ‘पंप’पाशी पोहोचल्या, तेवढा बंद ठेवून त्यावर चिकटपट्टी लावली, आणि सकाळी आठापर्यंत तो कोणी चालू करू नये असे पाटीवर लिहून पुन्हा निजल्या.