तारेला कॅलिबर नसतं!

मागच्या दिवाळीत घरी गेलो होतो. आमचं गाव गोंडपिपरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठाकडे. धान कापणीला आलेला, आणि रोज रात्री डुकरांचा कळप बांधीत शिरून लोळून जायचा. मामा पंधरा दिवसांपासून जागलीला होता. डोळे लाल. चहा पिता पिता मला म्हणाला, "बाबू, तू तं इलेक्ट्रिकलचा आहेस न? मले बांधावर एवढी तार लावून दे. खांबावरून करंट घेऊन टाकू. डुकराचा विषयच संपते."

मी "नाही" म्हणालो नाही. "सबमिशन आहे, उद्याच निघतो," असं सांगून सटकलो. मित्रहो, खरं सांगतो, या लेखाचं कारण ती पळवाट आहे.

होस्टेलवर परतल्यावर रूममध्ये नेहमीप्रमाणे चर्चा पेटली. एक म्हणाला, "शेतकऱ्याला सरळ रायफल द्या, अमेरिकेत कसं करतात!" दुसरा म्हणाला, "जंगल आधी प्राण्यांचं आहे, शेत नंतर आलं." दोघंही मोठ्या शहरातले. दोघांनी धानाची बांधी फक्त रेल्वेच्या खिडकीतून पाहिलेली! असो. पण पहिल्याच्या बोलण्यामुळे मी अमेरिकेतले नियम वाचले आणि चाट पडलो. तिथं हरणाची शिकार कायदेशीर आहे, पण "बंदूक घ्या आणि सुटा" असं अजिबात नाही. कोणत्या कॅलिबरची बंदूक चालेल, हे प्रत्येक राज्य ठरवतं. कॅलिबर म्हणजे ढोबळमानानं नळीचा आतला व्यास. व्हर्जिनियात हरणासाठी रायफल किमान .23 इंचाची लागते. कोलोरॅडोत किमान .24, गोळीचं वजन किमान 70 ग्रेन आणि 100 यार्डांवर गोळीत किमान 1000 फूट-पाउंड ऊर्जा हवी. ओहायोत 2014 पासून रायफल चालते, पण सरळ भिंतीच्या काडतुसाची आणि .357 ते .50 या मापातलीच.

आता आपण इंजिनिअर, म्हणून हिशेब करून पाहू. 1000 फूट-पाउंड म्हणजे सुमारे 1356 ज्यूल. 70 ग्रेन म्हणजे साडेचार ग्रॅम. अर्धा एम व्ही स्क्वेअर मांडला की वेग येतो सेकंदाला सुमारे 770 मीटर. साध्या .22 च्या गोळीत नळीच्या तोंडाशीसुद्धा दीडशे-दोनशे ज्यूलच असतात. तिनं हरीण जागीच पडेल याची खात्री नाही. जखमी होऊन पळेल आणि दोन दिवस झुडपात तडफडत मरेल. म्हणून ती बाद! म्हणजे मारायची परवानगी देणारा कायदासुद्धा तीन गोष्टी विचारतो: काय मारतोस, किती ताकदीनं मारतोस, आणि चुकलं तर जबाबदार कोण?

आपल्याकडेही हे प्रश्न विचारले जात. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा पहिल्यांदा आला तेव्हा शिकार पूर्ण बंद नव्हती, ती परवान्यावर होती. मोठ्या शिकारीला रायफलच हवी, शॉटगन वापरायची तर एकसंध गोळी आणि परवान्यात तशी खास नोंद. मोटारीतून शिकार नाही. सूर्यास्तानंतर नाही. पाणवठ्यावर दबा धरून नाही. जाळं, विष, फास, खड्डा तर नाहीच. पुढे 1991 च्या दुरुस्तीनं परवान्यांची ही पद्धतच गेली आणि शिकारीवर सरसकट बंदी आली. उरली ती कलम 11 ची वाट. प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला घातक ठरला, तर अधिकारी मारण्याची परवानगी देऊ शकतात. त्याच वाटेनं 2015 मध्ये आपल्या राज्यानं रोही आणि रानडुक्कर यांच्यासाठी परवानगीची पद्धत ठरवली. 2016 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात 53 रानडुकरं मारली गेल्याचं सांगत तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मेनका गांधी यांनी जाहीर आक्षेप घेतला, आणि आपला जिल्हा दिल्लीच्या बातम्यांत झळकला.

पण परवानगीचा कागद मिळाला तरी मामाकडे बंदूक कुठं आहे? शस्त्र कायदा 1959 चा. त्यात पीक राखणीसाठी पहिलं नाव आहे ठासणीच्या बंदुकीचं, म्हणजे आपल्या भागातली भरमार. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. .303 सारखी लष्करी मापाची रायफल सामान्य माणसाला मिळत नाही. भरमार नळीच्या तोंडातून भरायची, एक बार काढायचा आणि पुन्हा ठासत बसायचं. तेवढ्यात चिडलेलं डुक्कर अंगावर आलं तर? शिवाय आपल्या दोन्ही जिल्ह्यांत घरात बंदूक असणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. गडचिरोलीत तर गावकऱ्यांनी भरमार बंदुका पोलिसांकडे जमा केल्या. त्यांना दोष देणार कोण?

म्हणजे कायदा मारायची परवानगी देतो, पण मारायचं धड साधन शेतकऱ्याकडे नसतं. मग तो तार लावतो. एक बंडल बाइंडिंग वायर, चार खुंट्या, खांबावर आकडा. खर्च जवळजवळ शून्य!

या तारेला कॅलिबर नसतं. ती काय मारायचं ते विचारत नाही. बंदूकवाला निदान घोडा ओढण्याआधी एकदा बघतो. तार अंधारात वाट बघत असते, समोर डुक्कर येवो, वाघ येवो की मोटर सुरू करायला निघालेला माणूस. 230 व्होल्ट, ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास, म्हणजे 230 मिलिअँपिअर. आपल्या लॅबमधलं गळतीचं ब्रेकर 30 मिलिअँपिअरला ट्रिप होतं. शेतातल्या आकड्याला ब्रेकर कुठला!

आणि ही कल्पनेतली भीती नाही. प्रसिद्ध 'जय' वाघाचा बछडा श्रीनिवास 2017 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, नागभीडकडे, शेताच्या तारेला चिकटून मेला आणि घाबरून पुरला गेला. त्याच वर्षी ब्रह्मपुरीकडून हलवलेल्या वाघिणीला मारायचा हुकूम निघाला. उच्च न्यायालयापर्यंत वाद गेला. नरभक्षक वाघासाठी व्याघ्र प्राधिकरणाची कार्यपद्धती आहे: बंदूक .375 मॅग्नमपेक्षा लहान नको, माणूस प्रशिक्षित हवा. एवढा काथ्याकूट झाला, आणि ऑक्टोबरमध्ये ती वाघीण वर्धा जिल्ह्यात शेतातल्या जिवंत तारेनं मेली! बंदुकीचं माप ठरवणारा देश तारेपुढं हरला.

आता मामाकडे येतो. मी गेल्यावर त्यानं दुसऱ्या कुणाकडून तार लावून घेतली. आठव्या दिवशी पहाटे शेजारच्यांचा बैल चिकटला. पोळ्याला याच बैलाच्या शिंगांना मी बेगड लावली होती. बैलाच्या मागं त्यांचा दहावीतला पोरगा चालत होता, दहा पावलांवर. मामानं फोनवर एवढंच सांगितलं, "तार काढून टाकली बाबू." पुढं बराच वेळ तो काही बोलला नाही. बैलाचे पैसे तो अजून फेडतोय. मला वाटतं, मी त्या दिवशी बसून नीट समजावलं असतं तर? मी तार लावली नाही, पण थांबवलीही नाही. इलेक्ट्रिकलचा असून!

म्हणून माझं मत स्पष्ट मांडतो. शेतकऱ्याला रायफल देणं हे उत्तर नाही, आणि "प्राणी आधी आले" म्हणून हात झटकणं हेही नाही. डुक्कर मारायचंच असेल तर परवानगीसोबत वनखात्यानं प्रशिक्षित माणूस आणि योग्य बंदूक द्यावी. वाघासाठी बंदुकीचं माप ठरवता येतं, तर डुकरासाठी का नाही? नुसता कागद दिला की शेतकरी तारेकडेच वळणार. नुकसानभरपाई पुढच्या पेरणीआधी हातात पडावी.

आणि तिसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. सौर कुंपणाचं यंत्र व्होल्टेज हजारोंमध्ये देतं, पण दहा मिलिसेकंदांहून कमी वेळ, सेकंदाला फार तर एकदा, आणि आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे एका झटक्यात 5 ज्यूलच्या आत. झटका बसतो, जीव जात नाही. हरीण मारायला 1356 ज्यूल, हाकलायला 5! राज्याच्या जन-वन विकास योजनेत जंगलालगतच्या गावांना अशा कुंपणासाठी मदत मिळते. पण बॅटरी उतरली, तारेवर गवत चढलं, अर्थिंगचा रॉड कोरड्या जागी ठोकला, की वर्षभरात कुंपण बंद पडतं. दुरुस्तीला गावात कुणी नसतं, आणि पुन्हा आकडा पडतो.

आपण दरवर्षी फायनल इयरला तेच ते लाइन फॉलोअर रोबोट करतो. सरांना नम्र विनंती आहे, यंदा एक बॅच गोंडपिपरीकडे येऊ द्या. दहा शेतं घेऊ, बंद कुंपणं सुरू करू, अर्थिंग मोजू, गावातली दोन पोरं शिकवून तयार करू. राहायची सोय माझ्या घरी. जेवण मामाकडे, त्यानं कबूल केलंय.

आणि जंगलालगतच्या गावांतून आलेल्या माझ्या दोस्तांनो, या दिवाळीत तुम्हालाही कुणीतरी विचारेल, "तू तं इलेक्ट्रिकलचा आहेस न?" तेव्हा माझ्यासारखं सबमिशनचं कारण सांगू नका. बसा, चहा घ्या, आणि "नाही" म्हणा. मग कुंपण लावून द्या.

– तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी