पुठ्ठ्याचं शहर, कापडाचा समुद्र

अमेरिकी भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्टच्या 'अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस'वर चित्रपट करायचा म्हणून दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरोने वर्षानुवर्षं हेलपाटे घातले. जेम्स कॅमेरॉनसारखा निर्माता पाठीशी होता. तरी २०११ मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओने अंग काढून घेतलं. पंधरा कोटी डॉलरचा खर्च आणि वर मुलांवर बंधन आणणारं 'आर' प्रमाणपत्र, हे गणित स्टुडिओला जमेना.

त्याच लव्हक्राफ्टच्या 'द कॉल ऑफ क्थुलू'वर अँड्र्यू लेमन आणि शॉन ब्रॅनी या दोस्तांनी २००५ मध्येच चित्रपट करून टाकला होता, तोही किरकोळ पैशांत. लव्हक्राफ्टने कथा लिहिली १९२६ मध्ये. मग चित्रपटही त्याच काळातला वाटावा म्हणून कृष्णधवल मूकपट, ४७ मिनिटांचा. वादळी समुद्र म्हणजे चमचमतं, हेलकावणारं कापड. बुडालेल्या शहराच्या भिंती वाकड्यातिकड्या, आणि राक्षस म्हणजे एकेक चौकट टिपत हलवलेली बाहुली. सगळी लबाडी डोळ्यांना दिसते. तरीही कोन चुकलेल्या त्या भिंतींमधून खलाशी धावतात तेव्हा पोटात गोळा येतो.

अशा चित्रपटांचं हक्काचं घर म्हणजे अमेरिकेतल्या पोर्टलंडचा एच. पी. लव्हक्राफ्ट चित्रपट महोत्सव. अँड्र्यू मिग्लिओरे यांनी तो १९९५ मध्ये सुरू केला. तो जिथे भरतो ते हॉलिवूड थिएटरही १९२६ चंच, मूकपटांच्या जमान्यातलं.

लव्हक्राफ्टच्या 'कॉस्मिक हॉरर' या प्रकाराला गरिबी मानवते, हे मान्य करायला हवं. इथली भीती भुताची नसते. या अफाट विश्वात माणसाला कुणी हिंग लावूनही विचारत नाही, याची असते. ती दाखवायला पैसा कमी आणि डोकं जास्त लागतं. लव्हक्राफ्टच्या एका कथेत आकाशातून असा रंग येतो, जो माणसाने कधी पाहिलेलाच नाही. आता तो पडद्यावर आणायचा कसा? रिचर्ड स्टॅनलीने २०१९ मध्ये निकोलस केजला घेऊन पडदा गुलाबी-जांभळ्या झगमगाटाने भरून टाकला. हुआन वू याने 'डी फार्बे' (२०१०) या जर्मन चित्रपटात अख्खी गोष्ट काळ्या-पांढऱ्यात सांगितली आणि रंग ठेवला फक्त त्या आगंतुकाला. रंग म्हटलं तर साधा जांभळाच. पण त्या राखाडी शेतावर तो खरोखर परका वाटतो. यात डावं-उजवं करायचंच तर वूचा चित्रपट उजवा.

लव्हक्राफ्टचा वंशद्वेष मात्र झाकून चालत नाही. त्याच्या अर्धपुतळ्याचं वर्ल्ड फँटसी पुरस्काराचं स्मृतिचिन्ह २०१५ मध्ये बाद झालं, ते बरंच झालं.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. राही अनिल बर्वेच्या 'तुंबाड'ची मुळं नारायण धारपांच्या 'आजी'त आहेत. 'तुंबाड'मधल्या हस्तर या शापित देवाचं नाव उच्चारलं की लव्हक्राफ्टच्या वर्तुळातला 'हॅस्टर' आठवतोच. चित्रपटात हस्तर जरा जास्तच दिसतो. खरी धास्ती बसते ती पावसात कुजत चाललेल्या वाड्याची. २०१८ मध्ये बेताचा चाललेला हा चित्रपट २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावून गेला. म्हणजे प्रेक्षक आहे. धारप-मतकरींच्या भयकथांवर वाढलेल्या महाराष्ट्रात अशा चित्रपटांसाठी निदान तीन दिवस, एक पडदा राखून ठेवायला काय हरकत आहे?