पेटीतला काळा-पांढरा फोटो

शिरड शहापूरला आपल्या वस्तीत कुणाच्याही घरी जा, समोरच्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची रंगीत तसबीर दिसेल. त्याच घरात पेटीच्या तळाशी आजा-आजीचा एखादा काळा-पांढरा फोटो असतो, कोपरे दुमडलेला, पिवळा पडलेला. हल्ली आपली पोरं तो मोबाइलवर रंगीत करून आणतात. हौस म्हणून ठीक आहे. पण रंगीत प्रत फ्रेममध्ये गेली की मूळ फोटो अडगळीत जातो, म्हणून आज हा विषय घेतला.

बाबासाहेबांचा निळा कोट आपल्या डोळ्यांत इतका भरला आहे की त्यांचे बहुतेक फोटो काळे-पांढरेच आहेत हे आपण विसरतो. निळा रंग चित्रकारांनी भरला. तो चळवळीच्या झेंड्याचा रंग, आपण तो प्रेमानं स्वीकारला. पण फेब्रुवारी १९३४ मधला राजगृहावरचा कुटुंबाचा फोटो आठवा. यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि त्यांचा टॉबी कुत्रा. रमाईंच्या लुगड्याचा रंग कोणता ते कळत नाही, आणि विचारावंसंही वाटत नाही. नजर थेट त्यांच्या चेहऱ्यावर जाते. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या. हे ज्याला माहीत आहे तो त्या फोटोपुढून लवकर हलत नाही.

रंग काढून घेतला की उरतो फक्त उजेड आणि सावली. कपाळावरच्या रेघा, गालाची हाडं, डोळ्यांतलं पाणी, एवढंच बोलतं. जुन्या फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असे. उजेड लागला तेवढा भाग औषधात धुतल्यावर काळा पडे. ती झाली निगेटिव्ह. मग डार्करूममध्ये लाल बल्बखाली ती कागदावर उलटवायची आणि हायपोच्या पाण्यात पक्की करायची. कागदावर दिसणारा काळा रंग म्हणजे चांदीचेच बारीक कण. जिला जन्मात चांदीचे वाळे मिळाले नाहीत त्या आजीच्या फोटोत तरी चांदी आहे, असं मी गमतीनं म्हणतो.

रंगीत फिल्म आली तेव्हा एक गोष्ट घडली, ती आपल्या लोकांनी जाणून घ्यावी. कोडॅक कंपनीची रंगीत फिल्म आणि तिच्या छपाईचं माप बराच काळ गोऱ्या कातडीवर ठरवलेलं होतं. त्यासाठी गोऱ्या बाईचा नमुना फोटो लॅबमध्ये असायचा. साहजिकच सावळा चेहरा रंगीत फोटोत काळवंडून जाई. पुढे कंपन्यांनी त्यात सुधारणा केल्या. काळ्या-पांढऱ्या फोटोत जाणता फोटोग्राफर सावळ्या कातडीची चमक नीट धरू शकत असे. आपल्याच लोकांची आवड मात्र वेगळी. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरा उजळ करून घ्यायचा! मुलगी दाखवायच्या फोटोत तर हमखास. आज तेच काम मोबाइल करतो, आणि न सांगता करतो. आजोबांचा रंगीत केलेला फोटो मूळ फोटोशेजारी ठेवून पाहा. आजोबा दोन छटा गोरे झालेले असतात, सुरकुत्या पुसलेल्या असतात. उन्हातान्हात सालगडी म्हणून राबलेला माणूस तो, त्याचा राबच त्या यंत्रानं पुसून टाकलेला असतो.

याच्या अगदी उलट काम सुधारक ओलवे यांनी केलं. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे त्यांनी काळे-पांढरे फोटो काढले. हे कामगार बहुतांशी दलित, त्यात आपले बौद्ध बांधवही पुष्कळ. रंगीत फोटोत कचऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या लाल-पिवळ्या पिशव्या आधी दिसल्या असत्या आणि माणूस मागे पडला असता, असं मला वाटतं. इथे आधी माणूस दिसतो. तो आपल्याकडे बघतो आणि आपल्याला मान खाली घालावी लागते. ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली.

मी कारकून माणूस. रोज फायलींत चिकटवलेले फोटो पाहतो. काही वर्षांपूर्वी एक बाई कुटुंब पेन्शनच्या कामासाठी आल्या होत्या. काम झालं तरी उठेनात. शेवटी म्हणाल्या, "दादा, पुस्तकातला मालकाचा फोटो मला भेटंल का? घरात एकबी नाही." सेवापुस्तकावरचा तो काळा-पांढरा फोटो रुपयाएवढा, अर्ध्यावर शिक्का बसलेला. फोटो काढून देता येत नव्हता. साहेबांना विचारून स्टुडिओवाल्याला ऑफिसात बोलावलं, फोटोवरून फोटो काढला. बाईंनी शिक्का पुसू दिला नाही. म्हणाल्या, "असू द्या, त्यांच्या नोकरीचा हाय."

नामांतराच्या वेळी १९७८ मध्ये मराठवाड्यात ज्यांची घरं जाळली गेली, त्यांच्या घरातले असे फोटोही गेले. तेव्हा ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ते सांभाळावेत. फोटो लॅमिनेट करू नका, मागे खळ किंवा फेविकॉल लावू नका. अगरबत्तीच्या धुरापासून आणि ओल्या भिंतीपासून दूर ठेवा. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं, नाव, गाव आणि अंदाजे साल लिहा. बॉलपेन नको, ते पुढे उमटतं. नावं आताच विचारून घ्या. घोळक्यातली तिसरी बाई कोण, हे सांगणारी एखादीच म्हातारी वस्तीत उरलेली असते. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, चांदीचा थर काचेवरच राहतो. काचेसकट दाराच्या उजेडात ठेवून मोबाइलनं त्याचा फोटो घ्या.