अमेरिकेत डेंटिस्ट व्हायचं तर कॉलेजात बायोलॉजीच घ्यावं लागतं का?

आपल्याकडे डेंटिस्ट व्हायचा रस्ता सरळ आहे. बारावीला बायोलॉजी, मग नीट, मार्क पुरले तर बीडीएस. चार वर्षं कॉलेज आणि एक वर्ष इंटर्नशिप. अमेरिकेत मात्र बारावीनंतर थेट डेंटल स्कूल मिळत नाही. आधी साधारण चार वर्षांची बॅचलर डिग्री करायची आणि मग चार वर्षांचं डेंटल स्कूल. बाहेर पडताना डीडीएस किंवा डीएमडी मिळते. (दोन्ही पदव्या सारख्याच, नाव तेवढं वेगळं. त्यावरून वाद घालणारे रील्स स्क्रोल करून पुढे जा.)

प्रश्न येतो तो पहिल्या चार वर्षांचा. या डिग्रीच्या मुख्य विषयाला तिथे मेजर म्हणतात. न्यू जर्सी असो, टेक्सास असो की बे एरिया, मराठी घरात याचं उत्तर बहुतेक वेळा तयार असतं: बायोलॉजी. पीसीबीची सवय सातासमुद्रापार गेली तरी सुटत नाही.

आणि गंमत म्हणजे डेंटल स्कूल्सनी अमुकच मेजर हवा अशी अट घातलेली नाही. इतिहास, अर्थशास्त्र, संगीत, इंजिनिअरिंग, काहीही चालतं. 'प्री-डेंटल' हासुद्धा बहुतेक कॉलेजांत मेजर नसतो. डेंटलला जायचं तर कोणते कोर्स करायचे, एवढं सांगणारा तो आराखडा असतो.

मग बघतात काय?

आधी ठरलेले कोर्स. बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, बरेचदा बायोकेमिस्ट्री, आणि त्यांची प्रॅक्टिकल्स. प्रत्येक स्कूलची यादी थोडी वेगळी असते. शाळेत एपी परीक्षा देऊन कॉलेजचे क्रेडिट आधीच मिळवायची आपल्या लोकांना भारी हौस. पण काही डेंटल स्कूल्स हे क्रेडिट या कोर्सेसच्या जागी धरत नाहीत. म्हणजे कॉलेज म्हणतं केमिस्ट्री झाली, आणि डेंटल स्कूल म्हणतं पुन्हा कर. हे पहिल्याच वर्षी तपासलेलं बरं.

मग येतो जीपीए, आणि मेजरचा खरा परिणाम इथे दिसतो. बहुतेक डेंटल स्कूल्सचे अर्ज 'ॲडसॅस' नावाच्या एकाच पोर्टलवरून जातात. हे पोर्टल तुमचे ग्रेड घेऊन जीपीए स्वतः मोजतं, आणि सायन्सचा वेगळा काढतं. एखादा कोर्स दोनदा केला असेल तर दोन्ही ग्रेड धरतं. समजा ऑरगॅनिक केमिस्ट्रीत आधी सी मिळाला, पुन्हा करून ए मिळवला. काही कॉलेजं जुना ग्रेड पुसून ४.० दाखवतात. पोर्टल मात्र २.० आणि ४.० ची सरासरी काढून ३.० धरतं. बायोलॉजीत मन लागत नसताना 'डेंटलसाठी करावंच लागतं' म्हणून चार वर्षं सी आणि बी गोळा करणाऱ्याचं नुकसान होतं ते असं. जिथे मार्क पडतात तो मेजर घ्या, हा सल्ला म्हणूनच दिला जातो.

तिसरी गोष्ट डॅट ही परीक्षा. यात बायोलॉजी आणि केमिस्ट्री असते, फिजिक्स नसतं. शिवाय गणित, उताऱ्याचं आकलन आणि नजरेची परीक्षा घेणारा ९० प्रश्नांचा एक भाग असतो. घडी घातलेल्या कागदाला भोकं पाडली, तो उलगडल्यावर कुठे दिसतील? सपाट आकृती दुमडली तर कोणती वस्तू बनेल? हे कोणत्याच मेजरमध्ये शिकवत नाहीत. त्याचा सरावच करावा लागतो.

तरीही बायोलॉजी इतकं का घेतात? कारण ते सोयीचं आहे. लागणारे बरेचसे कोर्स डिग्रीतच उरकतात. इतिहास घेणाऱ्याला तेच कोर्स वरून करावे लागतात, शिवाय अनेक स्कूल्सना ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी केलेलं आवडतं. वेळापत्रक नीट आखलं नाही तर पाचवं वर्ष लागू शकतं, आणि अमेरिकेत एका वर्षाची फी ही चेष्टा नाही. 'आवडेल ते घ्या' म्हणणारे हा भाग सांगत नाहीत.

आता यात पैशांचा नवा मुद्दा आलाय. ४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी सही केलेल्या 'वन बिग ब्यूटिफुल बिल' कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी ग्रॅड प्लस ही सरकारी कर्जयोजना बंद केली. तोवर या योजनेतून कोर्सचा उरलेला जवळपास सगळा खर्च भागायचा. नव्या नियमात डेंटलसारख्या कोर्ससाठी सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर्सपर्यंतच. काही खासगी डेंटल स्कूल्सचा एकूण खर्च, राहणं-खाणं धरून, ५ लाख डॉलर्सच्या वर जातो. मधली रक्कम आणायची कुठून? खासगी कर्ज मिळतं, पण ते क्रेडिट हिस्टरी बघून, आणि बहुतेक वेळा आई किंवा बाबांची सही घेऊन.

त्यात अर्ज करणाऱ्यांपैकी त्या वर्षी जागा मिळते ती साधारण निम्म्यांना. बाकीचे पुन्हा अर्ज करतात किंवा वाट बदलतात. मधल्या काळात नोकरी लागते ती हातात असलेल्या डिग्रीवर. त्यामुळे माझ्या मते 'कोणता मेजर डेंटल स्कूलला आवडेल' यापेक्षा 'डेंटल दोन वर्षं लांबलं तर या डिग्रीवर काय काम मिळेल' हा प्रश्न आता जास्त कामाचा आहे. नुसत्या बायोलॉजीच्या बॅचलर डिग्रीवर मिळणाऱ्या बऱ्याच नोकऱ्या लॅबमधल्या आणि बेताच्या पगाराच्या असतात. अकाउंटिंग किंवा कॉम्प्युटर सायन्सचं गणित वेगळं, पण तिथे सायन्सचे कोर्स जोडीला ओढावे लागतात.

एच-१बीवर गेलेल्या आईबाबांच्या मुलांसाठी हिशोब अजून वेगळा आहे. एच-४ व्हिसावर सरकारी कर्ज मिळतच नाही. २१ वर्षं पूर्ण झाली आणि ग्रीन कार्ड आलं नसेल, तर शिक्षणासाठी सहसा एफ-१ व्हिसा घ्यावा लागतो. बरीच सरकारी डेंटल स्कूल्स आपल्या राज्यातल्या विद्यार्थ्यांना झुकतं माप देतात, आणि परदेशी विद्यार्थ्यांना सगळीच घेत नाहीत. एफ-१ वर डिग्रीनंतर काम करायची मुभा १२ महिन्यांची. मेजर सरकारच्या स्टेम यादीत असेल तर आणखी २४ महिने मिळू शकतात. बायोलॉजी त्या यादीत आहे, इतिहास नाही. अशा मुलाने बायोलॉजी घेतलं तर त्याला भित्रा म्हणू नका.

आणि कमेंटमध्ये हमखास येणारा प्रश्न: इथून बीडीएस करून तिकडे जाता येतं का? येतं. पण तिथे प्रॅक्टिस करायची तर साधारणपणे अमेरिकन डेंटल स्कूलमध्ये पुन्हा दोन ते तीन वर्षं शिकून तिथली पदवी घ्यावी लागते. त्यासाठी अर्जाचं पोर्टल वेगळं, आणि तिथे मेजर कोणता हा प्रश्नच येत नाही.