मुलांवरील संशोधन : आधी कागद वाचा

दोन महिन्यांपूर्वी एक शेतकरी गृहस्थ आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. मुलीला चार वर्षांपासून मधुमेह आहे, रोज इन्शुलिन घ्यावे लागते. शहरातल्या ज्या रुग्णालयात ती तपासणीला जाते, तेथे नव्या इन्शुलिनच्या चाचणीत तिला घेऊ का, अशी विचारणा झाली होती. पिशवीतून वीसेक पानांचे मराठी माहितीपत्रक काढून ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमची पोर काय प्रयोगाचा उंदीर आहे का?"

वीस वर्षांपूर्वी मी लगेच "नाही म्हणून सांगा" म्हणालो असतो. खरे तर एकदा तसे म्हणालोही होतो. एका मुलाची उंची वाढत नव्हती. अशा मुलांच्या एका अभ्यासाचा कागद त्याच्या आईने आणला होता. बाहेर पेशंटची रांग होती, मी कागद उघडलाही नाही. त्या अभ्यासात औषध कोणतेच नव्हते. उंची-वजन, रक्ततपासणी आणि हाडाचे वय कळण्यासाठी हाताचा एक्स-रे, एवढेच होते. त्या मुलाची थायरॉईडची कमतरता दोन वर्षांनी दुसरीकडे सापडली. वाढीच्या वयातली दोन वर्षे वाया गेली, आणि त्याला कारण मी होतो.

आज मुलीला मिळणारे इन्शुलिन तरी कोठून आले? ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मरणपंथाला लागलेल्या मुलाला ते प्रथम टोचले. फारसा गुण आला नाही, उलट टोचल्या जागी गळू झाले. बारा दिवसांनी अधिक शुद्ध केलेले औषध दिले तेव्हा साखर उतरली. तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला. नंतर १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका व कॅनडात १३ ते ३९ वयाच्या १,४४१ मधुमेही रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. साखर काटेकोर ताब्यात ठेवली तर ज्यांचे डोळे आधी निर्दोष होते त्यांच्यात डोळ्यांच्या पडद्याच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो, हे त्यातून दिसले. साखर एकदम उतरण्याचे गंभीर प्रसंग मात्र तिपटीने वाढले, हेही त्यातूनच कळले. पालकांना मी दिवसातून चार वेळा साखर तपासायला सांगतो आणि मुलाच्या खिशात ग्लुकोजची पुडी ठेवायला लावतो, ते या अभ्यासामुळे.

पालकांची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. ठेंगण्या मुलांना पूर्वी मृत माणसांच्या पिट्युटरी ग्रंथीतून काढलेले वाढीचे हार्मोन देत. त्यातून काहींना मेंदूचा प्राणघातक रोग झाला आणि १९८५ साली अमेरिकेत ते बंद करावे लागले. रोग दिसायला कित्येक वर्षे लागली होती. म्हणून "चाचणी संपल्यावर मुलीकडे किती वर्षे लक्ष ठेवणार?" हे जरूर विचारा.

आपल्याकडे २०१९ च्या नियमांनुसार औषधाच्या चाचणीला नीतिशास्त्र समितीची मंजुरी लागते, आणि चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई द्यावी लागते. चाचणीचा सरकारी नोंदणी क्रमांक मागून घ्या. मधेच बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला आहे, त्यासाठी नेहमीचे उपचार कोणी अडवू शकत नाही. मुलाला सातवे वर्ष लागून गेले असेल तर त्याचीही संमती विचारायची असते. आणि चाचणीच्या नावाखाली कोणी पैसे मागितले, किंवा "इन्शुलिन बंद करून दाखवतो" म्हणाले, तर तिथून उठून या. या आजारात इन्शुलिन बंद केले तर मूल काही दिवसांत दगावू शकते. चूर्ण-काढ्याच्या नादात असे झालेले मी पाहिले आहे.

त्या दिवशी आम्ही तिघांनी बसून पानन् पान वाचले. मुलीने एकच विचारले, "सुया वाढतील का?" नवव्या पानावर उत्तर होते : दर तीन महिन्यांनी एकदा जास्तीचे रक्त. प्रवासखर्च मिळणार होता, पण रात्री-अपरात्री साखर उतरली तर फोन कोणाला करायचा, हे कोठेच लिहिलेले नव्हते. तो नंबर लेखी मागून घ्या, मग ठरवा, असे मी त्यांना सांगितले आहे. पुढच्या सोमवारी ते रुग्णालयात जाणार आहेत.