बटणाची पारख

सुटी लागली की अनेक घरांत मुले संगणकावरील खेळांसाठी स्वतःचा कंट्रोलर घरी बनविण्याचा बेत वडीलधाऱ्यांपुढे मांडतात. प्लायवुडची पेटी सुतार करून देतो, तारा व छोटा सर्किट बोर्ड बाजारात मिळतो. घासाघीस होते ती बटणांवर. दिसायला सारखीच असणारी दोन गोल बटणे, आणि त्यांच्या भावात कित्येक पटींचा फरक! वडील साहजिकच स्वस्त नगाकडे झुकतात, मुले नामांकित जपानी नगाचा आग्रह धरतात. दोघेही वरचे प्लास्टिक पाहत असतात. खरा माल मात्र आत दडलेला असतो.

ही मोठी गोल बटणे मूळची नाणे टाकून चालणाऱ्या खेळयंत्रांची. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ काढला. १९९१ मध्ये आलेल्या कॅपकॉमच्या ‘स्ट्रीट फायटर २’ या खेळात प्रत्येक खेळाडूपुढे ठोसे व लाथा यांसाठी सहा बटणे होती. दिवसभर अनोळखी हातांचे आघात सोसणाऱ्या यंत्राचे बटण बिघडले की मालकाची कमाई थांबे. म्हणून हे बटण मजबूत असावे आणि झटपट काढून बदलता यावे, अशीच त्याची घडण झाली. घरगुती खरेदीतही हीच कसोटी उपयोगी पडते.

बाजारात मुख्यतः दोन वाण आढळतात. सान्वा आणि सेमित्सू या जपानी कंपन्यांच्या धाटणीचे बटण उथळ असते. बोट हलकेच टेकले तरी ते लागते व आवाज कमी करते. अमेरिकी धाटणीचे बटण मध्यभागी किंचित खोलगट, लांब दांड्याचे असते. त्याच्या तळाशी वेगळा मायक्रोस्विच बसविलेला असतो आणि दाबताच स्पष्ट ‘टिक’ ऐकू येते. वेगवान खेळ खेळणारे बहुधा पहिल्या वाणाला पसंती देतात. दुसऱ्यात मात्र बचतीची मोठी सोय आहे: स्विच खराब झाला तर तेवढाच बदलावा, बटण तेच राहते. स्वस्त बटणाच्या तळाशी असा सुटा, प्रचलित मापाचा मायक्रोस्विच असेल, तर पुढे तो काढून चांगल्या प्रतीचा बसविता येतो. स्विच आतच बंदिस्त असलेले हलके बटण बिघडले की अख्खे टाकून द्यावे लागते. त्याचा कमी भाव मग महाग पडतो.

यानंतर माप. जपानी धाटणीत मुख्य बटणासाठी ३० मिलिमीटरचे आणि ‘स्टार्ट’सारख्या किरकोळ कामाच्या बटणासाठी २४ मिलिमीटरचे भोक लागते, अमेरिकी धाटणीला सुमारे २८ मिलिमीटरचे. काही विक्रेते भोकाऐवजी वरच्या कडेचे माप लिहितात, आणि कडा नेहमीच भोकाहून रुंद असते. ‘३३ मिलिमीटर’ असे वाचून तेवढेच भोक पाडले, तर बटण आरपार निसटते आणि पाटी वाया जाते. म्हणून बटण हाती येईपर्यंत पाटीला ड्रिल लावू नये. आधी प्लायवुडच्या तुकड्यावर एक भोक पाडून त्यात बटण बसवून पाहावे.

बसविण्याची रीतही पाहावी. खटक्याने बसणारे बटण पत्रा वा ॲक्रिलिकच्या दोन ते चार मिलिमीटर जाडीच्या पाटीसाठी योग्य. जाड प्लायवुडमध्ये त्याचे खटके पकडच घेत नाहीत. तेथे खालून नट आवळण्याचे बटण घ्यावे. तारांची टोकेही दोन मापांची असतात: जपानी धाटणीच्या बटणांना बहुधा २.८ मिलिमीटरची, तर मायक्रोस्विचला बहुधा ४.८ मिलिमीटरची. बोर्डाबरोबर येणाऱ्या तारा कोणत्या मापाच्या आहेत, हे बटणांची मागणी नोंदविण्यापूर्वीच विचारावे. दिव्याच्या बटणाचा मोह झाला, तर त्याचा दिवा ५ व्होल्टचा आहे की १२ व्होल्टचा, हे आधी पाहावे. यूएसबीतून ५ व्होल्टच मिळतात. १२ व्होल्टचा दिवा त्यावर मंद लागेल किंवा लागणारच नाही. शिवाय प्रत्येक दिव्याला आणखी दोन तारा लागतात, म्हणजे काम दुप्पट होते.

आता परीक्षा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची बुधवार पेठ, समोर दुकान असेल तर मल्टिमीटर सोबत न्यावा. तो ‘बीप’च्या खुणेवर ठेवून त्याची टोके बटणाच्या दोन पट्ट्यांना लावावीत. तीन पट्ट्यांच्या मायक्रोस्विचवर ‘कॉम’ आणि ‘एनओ’ अशी खूण असलेल्या पट्ट्या घ्याव्यात. बटण मध्यावर दाबावे, मग कडेला चारही बाजूंनी दाबावे, मग अगदी सावकाश दाबून सावकाश सोडावे. दरवेळी आवाज दाबताच यावा व सोडताच थांबावा. कडेला दाबल्यावर अडकणारे, किंवा दाबून धरले असता आवाज तुटणारे बटण परत करावे. माल ऑनलाइन मागवायचा असल्यास प्रथम दोनच नग नमुन्याला मागवावेत. नमुना पाहिल्याशिवाय गाठोडे उचलू नये, हे व्यापारी घरातील मुलांना निराळे शिकवायला नको.

खर्च वाटून घेण्यातही चातुर्य आहे. समजा, कंट्रोलरला दहा बटणे हवी आहेत. चांगला नग २५० रुपयांचा आणि साधा ५० रुपयांचा आहे. सगळी चांगली घेतली तर २,५०० रुपये होतात. परंतु सतत दाबली जाणारी सहा चांगली आणि क्वचित लागणारी चार साधी घेतली, तर १,७०० रुपयांत काम होते. ८०० रुपये वाचले आणि हाताला फरक जाणवला नाही. उलट, सगळी साधी घेऊन ५०० रुपयांत भागविले आणि त्यांतील मुख्य बटणे दगा देऊ लागली, तर मुलाचा उत्साहच मावळतो. ते नुकसान कोणत्याही वहीत लिहिले जात नाही. बोर्डाच्या बाबतीत हात आखडता घेतला तरी चालते. चिनी यूएसबी बोर्ड स्वस्त असतो. आणि थोडे शिकण्याची तयारी असेल, तर रास्पबेरी पाय पिकोवर विनामूल्य उपलब्ध असलेली ‘जीपी२०४०-सीई’ ही प्रणाली घालून उत्तम काम होते.

याच बटणांचा एक उपयोग खेळापलीकडचा आहे. पक्षाघाताने वा संधिवाताने ज्यांची बोटे बारीक कळा दाबू शकत नाहीत, त्यांना तळहाताने दाबता येणारे ६० किंवा १०० मिलिमीटरचे घुमटाकार बटण मोठा आधार ठरू शकते. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणलेल्या ‘एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर’च्या मागे असे बाहेरचे स्विच जोडण्यासाठी ३.५ मिलिमीटरची १९ छिद्रे आहेत. बटणाच्या दोन तारा तेवढ्याच मापाच्या मोनो प्लगला जोडल्या की स्विच तयार. येथे निवडीचा निकष मात्र बदलतो. भाव किंवा नाव यापेक्षा दाबायला किती जोर लागतो, हे महत्त्वाचे. आणि ते ज्याला वापरायचे आहे त्याच्याच हाताने पाहावे. घरातील नातवाने आजोबांच्या हाताखाली दोन-तीन बटणे ठेवून पाहावीत व त्यांना सोपे जाईल ते घ्यावे. ते स्वस्तातले निघाले तर उत्तमच; महागातले निघाले तर तेथे काटकसर करू नये.

मुलाने बेत मांडला की वडिलांनी त्याला एकच काम सांगावे: यादी लिहून आण. किती नग, कोणते माप, कशा पाटीवर, कोणत्या तारा, स्विच बदलता येतो की नाही. ही पाच उत्तरे कागदावर आली की भावाचा वाद आपोआप मिटतो, आणि पैसे देणाऱ्यालाही ते नेमके कशाचे देत आहोत, हे कळते.